पाच वॅटचा डबा आणि सगुणदादाचं घुमट

सगुणदादा, काल मी डबा चारवर नेला.

हो, चारवर. तू आवाजाच्या बटणापाशी लावलेल्या पिंजरेच्या, कुंकवाच्या टिळ्याच्या पुढे चांगला एक आकडा. सोमवारची सांजेची आरती, देऊळ भरलेलं, सगळ्यांच्या देखत. आणि तुझं मातीचं घुमट ऐकू आलं! नुसतं ऐकू आलं नाही, पार मागच्या पायरीवर बसलेल्या बायकांपर्यंत पोचलं. तीनच्या वर गेलास तर घुमट मेलं म्हणून समज, असं तू दीड वर्ष मला बजावत होतास. काल ते खोटं ठरलं. तू असतास तर आठवडाभर माझ्याशी बोलला नसतास. तू नाहीस, म्हणून ही बातमी लिहून कळवावी लागतेय.

तुझ्याबद्दलचं बाकी सगळं पेपरात येऊन गेलं. वय, कुळागर, पश्चात कोण कोण. फोटोत तुझ्या डोक्यावर टोपी आहे. ती कुणी घातली देव जाणे, मी तुला उभ्या जन्मात टोपीत पाहिलं नव्हतं. स्टाफरूममध्ये तो फोटो बघून मला आधी हसू फुटलं आणि मग रडू आलं, आणि शेजारच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्या चौकटीत ॲम्प्लिफायरबद्दल एक अक्षर नव्हतं. कसं असणार? सत्तरी ओलांडलेल्या, माडा-पोफळींच्या कुळागरात जन्म गेलेल्या घुमटवाल्याने शेवटच्या दोन वर्षांत काय केलं, तर गिटारसाठी एक छोटा ॲम्प्लिफायर निवडला, हे कुणाला सांगून पटणार?

मास्तरकीची सवय आहे, धडा पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतो. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस, तसंही आता तुला बोलता येणार नाही, पहिल्यांदाच मला अख्खं वाक्य पुरं करायला मिळतंय.

आपल्या नार्व्यातल्या खालच्या वाडीत चवथीला बावीस घरांत गणपती. आरतीचा मेळ पहिल्या घरातून निघतो तो एकेक घर करत बाविसाव्या घरी, म्हणजे तुझ्या घरी, थांबतो. वीस-पंचवीस गळे, झांजा आणि तुझं घुमट. मातीचं ते मडकं काखेत धरून डाव्या तळव्याने त्याचं छोटं तोंड उघडत-झाकत, उजव्या हाताने कातड्यावर थाप द्यायचास तेव्हा आवाज कानाने नव्हे, पोटाने ऐकू यायचा. त्या मेळात मी गिटार घेऊन शिरलो. लाकडी गिटार, तिला वायर जोडायची सोय. पण वायर जोडायची कशाला, तर तसं काही नव्हतंच माझ्याकडे. वीस गळ्यांत माझी गिटार मला एकट्यालाच ऐकू यायची. लोक म्हणायचे, मास्तर हात चांगला हलवतात.

म्हणून मी त्या वर्षी शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर आणला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बँडचा, हॉटेलांच्या हिरवळीवर वाजवतात ते लोक. दोघांनी उचलावा लागायचा. शेताच्या बांधावरून तो नेताना एकदा मी आणि एकदा डबा असे आळीपाळीने चिखलात बसलो. चूक माझी होती, हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आज करतो. बैठ्या घराच्या खोलीत शंभर वॅट न्यायचे, आणि तेही विज्ञानाच्या मास्तराने! बरं, इतका मोठा डबा हळू लावला तर मुडद्यासारखा वाजतो. त्याला जीव यावा म्हणून मी बटण वर वर नेत गेलो.

पहिलं घर गोकुळदासचं. मेळाचा म्होरक्या तोच. गणपतीच्या डोक्यावर माटोळीची चौकट गच्च बांधलेली, नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, रानातली फळं, आणि बरोबर मध्ये पपनसासारखं, नारळाएवढं तोरींजन, वेलीच्या दोराने टांगलेलं. दुसऱ्या आरतीला मी खालची जाड तार छेडली. जमीन थरथरली. माटोळीची काठी थरथरली. तोरींजन आधी डोलायला लागलं, मग गिरकी घेतली, आणि मग ते सुटून गोकुळदासच्या खांद्यावर आपटून थेट आरतीच्या ताटात आलं. निरांजन विझलं. गोकुळदासच्या आईने दोन्ही हात कानांवर नेले. वर्गात मी अनुनाद शिकवतो तेव्हा पूर्वी पुलाचं उदाहरण द्यायचो. त्या दिवसापासून तोरींजनाचं देतो.

पण खरं वाईट ते नव्हतं. खरं वाईट असं की त्या गडबडीत मी वळून पाहिलं तर तू वाजवायचा थांबला होतास. तोरींजन पडायच्या आधीच थांबला होतास, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तू घुमट पंच्याने पुसलंस, पिशवीत घातलंस आणि घरी निघून गेलास. चवथीचा मेळ सोडून तू मध्येच गेलास असं वाडीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी उरलेल्या एकवीस घरांत नुसत्या झांजा वाजल्या.

चवथीच्या नेवऱ्या, करंज्या, संपायच्या आत बैठक झाली. गोकुळदासच्या खांद्याला अजून हळदीचा लेप होता. तो म्हणाला, "गिटार बंद. आमच्या बापजाद्यांनी घुमटावर आरती केली, आमकां तीच पुरे." माना हलल्या. मीही मान खाली घालून बसलो होतो. सगळ्यांना वाटलं, सगळ्यात मोठा अपमान झालाय तो सगुणदादाचा, तो तर मास्तराला धुऊन काढणार.

तू घसा खाकरलास. "गोकुळदास, पयलीं घुमटाक घोरपडीचां कातडां आसलां. तां कायद्यान बंद जालां, आमी बोकडाचां लायलां. तेन्नाय लोक म्हणाले, घुमट मेलां. मेलां काय?"

गोकुळदास खांद्याचा लेप चाचपत राहिला.

"गिटार नको असां मी म्हणूक ना. हो डबो नको म्हणतंय. मास्तराक एक वर्स दी. घुमटाक मारिना असो डबो हाडलो, तर गिटार ऱ्हवतली. ना जाल्यार तिच्यो तारो मीच काडतलों."

बैठक उठली. एक वर्ष! मला वाटलं, आता डबा शोधणं माझं काम. नाताळच्या सुट्टीत एका सकाळी तू माझ्या दारात उभा, कपडे इस्त्रीचे, खांद्याला पिशवी आणि पिशवीत घुमट. म्हणालास, "चल, म्हापशां." मी विचारलं, घुमट कशाला? तू माझ्याकडे असं पाहिलंस की वर्गातल्या सगळ्यात ढ पोराकडे मीही तसं कधी पाहिलं नसेल.

म्हापशाच्या त्या दुकानातली सकाळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुकानदार बिचारा वॅट सांगत होता, स्पीकरचे इंच सांगत होता, आणि तू स्टुलावर बसून घुमट काखेत घेऊन म्हणालास, "मास्तर, तूं वाजय." मी एकेका डब्याला गिटार जोडायची, तू डोळे मिटून थाप द्यायची, आणि आपलंच घुमट आपल्याला ऐकू येतं का ते बघायचं. एवढीच परीक्षा. तीस वॅटवाल्याला तू म्हणालास, "हो चड उलयता." फार बोलतो म्हणे! वीस तऱ्हेचे आवाज काढणारा एक चकचकीत डबा दुकानदाराने मोठ्या हौसेने दाखवला, तर तू, "हेच्या पोटांत वीस जाण आसात, आमकां एकच जाय." बॅटरीवर चालणारा एक छोटा मला फार आवडला होता. वाहून न्यायला सोपा, वीज गेली तरी चालणारा. तू त्याच्यावर नुसती बोटं फिरवलीस आणि म्हणालास, "बरो आसा. पण हेका धग ना." दुकानाबाहेर पंधरा-वीस माणसं जमली होती. काहीही न घेता आपण बाहेर पडलो, तरी दुकानदाराने आपल्याला लिंबूसोडा पाजला.

बसमध्ये आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी तुला सांगत होतो की शंभर वॅट म्हणजे पाच वॅटच्या वीसपट आवाज नव्हे, कानाला तो जेमतेम अडीचपट वाटतो, म्हणून पाच वॅटही खोलीला पुष्कळ. तू म्हणालास, आवाज किती हा प्रश्नच नाही, कुठला आवाज हा प्रश्न आहे. तुझी जाड तार आणि माझं घुमट एकाच दारातून आत शिरतात, ती धिप्पाड, ती मला बाहेर ढकलते. मी म्हणालो, त्यालाच कंप्रता म्हणतात. तू म्हणालास, तू त्याला काहीही म्हण, आधी ती दारातून बाजूला कर. तू बरोबर होतास. मी मात्र घरी पोचेपर्यंत डेसिबलचं गणित सांगत राहिलो. ते भांडण आपण कधीच संपवलं नाही, आणि आता एकट्याने ते चालवण्यात मजा नाही.

मे महिना लागता लागता हरमलहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला. त्याच्या खोल्यांत उतरलेला एक पाहुणा, उंच, पिकल्या दाढीचा, हंगाम संपवून घरी निघाला होता आणि त्याला त्याचा छोटा ॲम्प्लिफायर विकायचा होता. मी तुला सांगितलं. तू म्हणालास, घुमट घेतो. तर भर उन्हात स्कूटरवरून आपण हरमलला. समुद्राकडे तोंड करून आळसावलेली ती सगळी गोरी मंडळी आणि त्यांच्यामधून काखेत मडकं धरून चाललेला तू. कुणीतरी तुला हात जोडून नमस्कार केला. तूही केलास, अगदी भटजींसारखा.

डबा छोटाच होता, खुर्चीखाली सरकेल एवढा. पाच वॅट. आठ इंची स्पीकर. दोनच बटणं, एक आवाजाचं, एक सुराच्या धारेचं. मी गिटार जोडली, तार छेडली, तर आवाजच नाही. पुन्हा छेडली. काही नाही. माझा चेहरा उतरला. पाहुण्याने एक बोट वर केलं, थांबा म्हणून. मागच्या जाळीतून आत दोन काचेच्या नळ्या होत्या, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या. त्या हळूहळू तांबूस व्हायला लागल्या. तू गुडघ्यांवर बसलास, डोळा जाळीला लावलास.

"मास्तर, आंत उजो आसा!"

मी सांगितलं, विस्तव नव्हे, व्हॉल्व्ह आहेत, आधी तापावे लागतात, मग बोलतात.

तू मान वर केलीस. तुझा चेहरा मला आत्ता दिसतोय. "ह्याकाय शेकूचो लागता?" आणि मग पाहुण्याच्या गुडघ्यावर थाप मारून, "मगीर हो आमचो!"

पाहुण्याला काही कळलं नाही, पण मला कळलं. चवथीच्या ओल्या हवेत बोकडाचं कातडं सैल पडतं. आरतीला निघायच्या आधी तुझ्या घरी पार्वतीवैनीच्या चुलीपाशी बसून घुमट शेकवायचं हे तुझं ठरलेलं काम. न शेकवता वाजणाऱ्या वस्तूवर तुझा विश्वासच नव्हता. मग आपण वाजवलं. छोट्या स्पीकरला जाड तारेची ती दांडगाई जमतच नव्हती. तो मधल्या सुरात गोड, जरा खरखरीत बोलायचा आणि खालची अख्खी जागा तुझ्या घुमटाला मोकळी सोडायचा. तू डोळे उघडलेस. "हो मधें येना," म्हणालास. पाहुणा टाळ्या वाजवत होता, मेव्हण्याची पोळीभाजी करपली, आणि तू थांबायलाच तयार नव्हतास.

डबा घेऊन परतताना पेडण्याला शैलाकडे थांबलो. तुझी एकुलती एक लेक. लहानपणी तुझ्याकडूनच घुमट शिकली, पण आपल्या मेळात बाया नसतात म्हणून ओट्यावरच वाजवत राहिली, आणि लग्न होऊन पेडण्याला गेल्यावर तिथल्या बायकांच्या मेळात वाजवायला लागली. तिच्या ओसरीवर तिने डब्याबरोबर घुमट वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, चारवर व्हेलो तरी चलतलो." तू म्हणालास तीन. ती म्हणाली चार. तू उठलास, तिच्या देव्हाऱ्यातल्या पिंजरेत, कुंकवात, बोट बुडवलंस आणि बटणाच्या कडेला तीनच्या आकड्यावर खुणेचा टिळा लावलास. "ही कुरू. हेच्या वयर कान पिळलो जाल्यार बघ." तुझ्या लेखी ते बटण नव्हतं, कान होता. शैला माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती.

मग गेल्या वर्षीची चवथ! दादा, ती चवथ आठवली की अजून माझी छाती फुगते. पुन्हा पहिलं घर गोकुळदासचं. त्याच्या आईने तोरींजन माटोळीच्या पार कोपऱ्यात, भिंतीलगत बांधलं होतं आणि खाली उशी ठेवली होती. मी डबा पाटावर ठेवला, वायर लावली. तू घुमट शेकवून आणलेलं. आपण दोघं डब्यापाशी बसून नळ्या तांबड्या व्हायची वाट बघत राहिलो आणि सगळा मेळ आपल्या दोघांची वाट बघत राहिला. मग बटण तीनवर, आणि तू थाप दिलीस. पहिल्या कडव्यातच मला कळलं. गिटार वर, घुमट खाली, मधोमध गळे, कुणी कुणाच्या पायावर पाय देत नव्हतं. आरती संपली. गोकुळदास ताट हातात धरून तसाच उभा. मग त्याची म्हातारी आई म्हणाली, "आनी एक म्हणा रे." ठरलेल्या आरत्या संपल्यावर आणखी एक मागायची वाडीत पद्धत नाही. आपण म्हटली. तोरींजन जागचं हललं नाही.

बावीस घरं झाली. आरती संपली की आधी डबा बंद करायचा, मग पंचखाद्य खायचं, नळ्या निवल्या की मगच उचलायचा, हा नियम तू घालून दिलास, आणि मेळातली माणसं तो देवाचा नियम असल्यासारखा पाळत होती. एका घरी घाई करून मी गरम डबा उचलला तर गोकुळदास माझ्यावर ओरडला. गोकुळदास! त्या ओरडण्याने मला जेवढा आनंद झाला तेवढा आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला असता तरी झाला नसता. गिटार राहिली होती.

आता जे तुला सांगितलं नाही ते.

या वर्षी पावसाच्या आधी तुझ्या छातीचं दुखणं झालं आणि उजव्या हातातला जोर गेला. तू कुणाला बोलला नाहीस. चवथीला घुमट शेकवून आलास, पहिल्या घरात थाप दिलीस, आणि तीनवर ठेवलेल्या गिटारखाली ती ऐकू आली नाही. शंभर वॅटच्या दिवशी तुझा चेहरा जसा झाला होता तसा मला पुन्हा बघायचा नव्हता. मी काय केलं, तर कडवं बदलताना बटण थोडं खाली घेतलं. घुमट पुन्हा वर आलं. तू खूश. पाचव्या घरी मी अडीचवर होतो, दहाव्याला दोनवर. तू दमत चालला होतास तसा मी खाली येत चाललो होतो. एवढ्या कमी आवाजातही त्या डब्याचा गोडवा जात नव्हता, म्हणून कुणाला शंका आली नाही. गोकुळदासने एकदा बटणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मोठ्याने गायला लागला. पंधराव्या घरी तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "आयज घुमटान डब्याक खाल्लो!" मी म्हणालो, खाल्ला खरा.

बाविसावं घर तुझं. तिथे बटण शून्यावर होतं. नळ्या तांबड्या होत्या, पण डबा मुका होता. गिटार पुन्हा पूर्वीसारखी फक्त मला ऐकू येत होती. तू मात्र वाजवलंस, अरे, किती वाजवलंस! घुमटाचं तोंड उघडत-झाकत जाणाऱ्या त्या डाव्या तळव्यात जोर अजून होता. पार्वतीवैनी खांबाला टेकून तुझ्याकडेच बघत होत्या. आरती संपल्यावर तू घाम पुसलास आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "आयज गिटार बरी वाजली." मग बटणाकडे बोट केलंस. "हो आवाज बरोबर. हांगाच कुरू कर." आणि देवापुढची पिंजर आणवून तू माझ्याच बोटाने शून्यावर टिळा लावून घेतलास.

मला रडू येत होतं आणि मी हसत होतो. वाटलं, म्हाताऱ्याला कळलंच नाही. त्याला जिंकू दिलं आपण. हे मी तुला कधी सांगणार नव्हतो. नंतर दसऱ्याच्या आधी एका सकाळी तू कुळागरात पाटाचं पाणी वळवायला गेलास आणि पोफळीला टेकून बसलास तो बसलासच. त्या दिवसापासून तो शून्यावरचा टिळा मला टोचत होता. तुझ्याशी एकदाच खोटं वागलो, आणि तेच शेवटचं ठरलं.

काल सोमवार. तुझे दिवसवार झाल्यानंतरची पहिली आरती. घुमट कोण वाजवणार यावर गेला आठवडाभर वाडीत कुजबुज होती. शैला पेडण्याहून आली, तुझं घुमट चुलीपाशी शेकवलं आणि सरळ येऊन तुझ्या जागेवर बसली. मेळात बाई? मग गोकुळदास पुढे झाला, मला वाटलं आता बैठक घेणार, तर त्याने झांज उचलली आणि म्हणाला, "मास्तर, डबो तापलो काय?"

तापला होता. मी तीनवर ठेवला. तिने थाप दिली आणि दादा, तुझ्या पंचविशीत तू कसा वाजवत असशील ते मला काल कळलं. दुसऱ्या आरतीला तिने हनुवटीने खूण केली, वर घे. मी साडेतीन केला. पुन्हा हनुवटी. मी टिळ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि चारवर नेला. घुमट आत शिरलं, गिटारला जागा देऊन आणि स्वतःची जागा न सोडता. मागच्या पायरीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या दोघी आरती संपल्यावर शैलाला विचारत होत्या, आमकां शिकयशी? हरलास तू, दादा. चांगला सडकून हरलास, आणि तेही पोटच्या पोरीकडून.

नंतर देवळाच्या पायरीवर डबा निवत होता. शैलाने शून्यावरचा टिळा पाहिला. "हो कसलो?" मी सगळं सांगून टाकलं. बावीस घरं, दर घराला खाली आणलेलं बटण, तुझं ते गिटार बरी वाजली. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं. तर ती हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले.

"मास्तर, बाबांक खबर आसलां."

दुसऱ्याच दिवशी तू तिला फोन केला होतास म्हणे. "शैले, मास्तर माका फटयता गो. दर घराक कान पिळता. फटयूं दी, ताका बरां दिसता. मी पण ताचे हातान शून्याचेर कुरू घालून घेतली. आतां बसूं दी वर्सभर इचार करीत."

दादा, म्हणजे मी तुला फसवतोय हे ठाऊक असून तू मला फसवू दिलंस, आणि वर तेवढ्या गंभीर चेहऱ्याने मला मामा बनवलंस! मी पायरीवर बसून इतका हसलो की गोकुळदास पाणी घेऊन आला. इतके दिवस जे टोचत होतं ते एका क्षणात गेलं. तुझे आभार मानायचे राहिले होते. गिटार राहिली म्हणून, म्हापशाच्या त्या सकाळीसाठी, आणि ह्या शेवटच्या खोडीसाठी. मानतो. मोठ्याने मानले तर तू उठून गेला असतास, म्हणून लिहून मानतोय.

चारवरचा टिळा शैलाने काल लावला. तीनचा पुसट झाला होता, तो मी पुन्हा गडद केला. शून्याचा तसाच आहे, त्याला हात लावलेला नाही. पुढच्या चवथीला शैला मेळात असेल, गोकुळदासनेच ठरवलंय. एकवीस घरं आम्ही चारवर वाजवणार. बाविसाव्या घरी, तुझ्या घरी, डबा तापवून ठेवणार आणि बटण शून्यावर आणणार. तुझं घुमट एकटं वाजेल. आणि आरती संपली की घाम पुसून, गंभीर चेहऱ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणणार आहे, आयज गिटार बरी वाजली.